लाल गोळ्याखालचा खुंट

पुण्या-मुंबईतल्या बहुतेक नर्सऱ्यांत गल्ल्याजवळच्या फळीवर लहान प्लॅस्टिकच्या कुंड्यांची एक रांग असते. हिरवी तीनधारी दांडी आणि तिच्या टोकावर लालभडक, पिवळा नाहीतर नारिंगी गोळा. घेणारा ‘तो लाल कॅक्टस द्या’ म्हणतो, विकणारा कागदात गुंडाळून देतो. घरी आल्यावर कुंडी टीव्हीशेजारी किंवा ऑफिसच्या टेबलावर विराजमान होते. काही महिन्यांनी गोळा सुरकुततो, मग मऊ पडतो आणि कुंडी कचऱ्यात जाते. या व्यवहारात एक गोष्ट सांगायची राहून जाते. त्या कुंडीत एक झाड नसतं, दोन असतात. वरचा गोळा वेगळ्या जातीचा, खालची दांडी वेगळ्या जातीची. कुणीतरी दोघांना ब्लेडने कापून एकमेकांवर बसवलेलं असतं.

गोळा म्हणजे जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या निवडुंगाचा बदललेला प्रकार. मूळ जात दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेच्या बाजूची, तपकिरी-हिरव्या रंगाची, जमिनीलगत वाढणारी. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमधल्या वातानाबे नावाच्या रोपवाटिकाकाराला बियांपासून केलेल्या हजारो रोपांत काही लाल रोपं दिसली. त्यांच्यात हरितद्रव्य नव्हतं, म्हणून एरवी झाकलेला लाल रंग उघडा पडला होता. बीटाला लाल करणारी रंगद्रव्यं ज्या गटातली, त्याच गटातली ही. पण हरितद्रव्य नाही म्हणजे स्वतःचं अन्न करता येत नाही. बीमधला साठा संपला की असं रोप मरतं. वातानाबेंनी ती रोपं हिरव्या निवडुंगावर कलम केली आणि ती जगली, त्यांना पिल्लं फुटली. पुढे दक्षिण कोरियाने याच कलमांचा निर्यातधंदा उभा केला.

खालची दांडी, म्हणजे कलमाचा खुंट, मात्र आपल्या चांगल्या ओळखीची आहे. ते ड्रॅगन फ्रूटचं खोड.

सांगली आणि सोलापूरच्या कोरडवाहू भागांत गेल्या काही वर्षांत सिमेंटचे खांब आणि त्यांवरून खाली लोंबणाऱ्या तीनधारी फांद्या दिसू लागल्या, त्याच या वेलाच्या. २०२१च्या जून महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या तडसर गावची ही फळं दुबईला गेली. बारामतीजवळच्या माळेगावात राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था या पिकावर काम करते. फळांचा हंगाम संपला की शेतकरी दाटी झालेल्या फांद्या छाटतो आणि त्या बांधावर पडून राहतात. ज्या खुंटावर कोरियात एवढा मोठा धंदा चालतो, तो खुंट आपल्याकडे छाटणीचा कचरा म्हणून पडलेला असतो, आणि शहरातला माणूस त्याच खुंटाचं वीतभर टोक रंगीत गोळ्यासकट विकत घेऊन वर्षभरात गमावतो. हे बदलावं. निवडुंगाचं कलम घरी करता येतं, ते शिकण्यासारखं आहे, आणि त्याचा उपयोग शोभेच्या लाल गोळ्यापलीकडे फार मोठा आहे.

कलम ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. गोव्यात पोर्तुगीज काळात जेझुइट पाद्र्यांनी आंब्याच्या कलमांना चालना दिली असं मानतात. कोकणात आजही बागायतदार आपली मालमत्ता सांगताना झाडं न म्हणता ‘दोनशे कलमं आहेत’ असं म्हणतो. रायवळ आंब्याच्या कोयीतून उगवलेलं कोवळं रोप आणि त्यावर हापूसची काडी, हे कोय कलम दापोलीच्या कृषी विद्यापीठाने गावोगाव पोचवलं. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत जमिनीखाली डॉगरिजचा खुंट असतो आणि वर थॉमसन किंवा सोनाका. क्षारट जमीन आणि पाण्याची टंचाई तो खुंट सोसतो, द्राक्ष वरची जात देते. पाचर कलम भरणाऱ्या सराईत माणसाला हंगामात मागणी असते. एवढी परंपरा असलेल्या राज्यात गच्चीवरच्या बागवाल्यांना मात्र कलम म्हटलं की ते तज्ज्ञाचं काम वाटतं. गुलाबाचा डोळा भरायचा तर नर्सरीतला माळी शोधतात.

खरं तर नवशिक्याने हात बसवायचा तर निवडुंगासारखं दुसरं झाड नाही. आंब्याची काडी कापल्यावर लगेच सुकू लागते, साल आणि लाकूड यांच्यामधला वाढीचा थर कागदासारखा पातळ असतो, तो नेमका जुळला नाही तर काडी वाळते. निवडुंगाच्या अंगात पाण्याचा साठा असतो. कापलेला तुकडा तासाभरात मरत नाही, मऊ गराला गर पटकन चिकटतो. शिवाय नात्याची अट सैल आहे. आंब्याचं कलम आंब्यावरच बसवावं लागतं. निवडुंगाच्या कुळात मात्र एकमेकांपासून खूप लांबच्या जातीही जुळतात. गोल जात उभ्या खांबावर बसते, खांब सपाट फड्यावर बसतो. आणि चुकलं तरी नुकसान थोडं. कलम सुटलं तर दोन्ही बाजूंची पातळ चकती कापून पुन्हा बसवता येतं. इतकी माफी दुसरं झाड देत नाही.

इथे एक गल्लत मात्र वारंवार होते. आपण शेताच्या कुंपणावरच्या काटेरी, मांसल झाडांना सरसकट निवडुंग म्हणतो. थोर, शेर, तिधारी ही सगळी युफोर्बियाच्या कुळातली. खरे कॅक्टस एखाददुसरा अपवाद सोडला तर सगळे अमेरिका खंडातले. दख्खनच्या माळावरचा फड्या निवडुंगसुद्धा जहाजातून आलेला पाहुणा आहे. १८व्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीला लाल रंग देणारे कोचिनिल किडे भारतात वाढवायचे होते, आणि ते किडे याच फड्यांवर जगतात. कॅक्टस थोरावर बसवला तर काही केल्या जुळत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. टोचल्यावर पांढरा चीक आला तर तो बहुधा कॅक्टस नव्हे. आणि तो चीक डोळ्यांत गेला तर भयंकर आग होते, डोळ्याला इजा होऊ शकते. म्हणून कुंपणावरचा थोर खुंट म्हणून वापरायचा मोह टाळावा.

आता प्रत्यक्ष काम. ड्रॅगन फ्रूटची निरोगी फांदी घ्यावी, तपकिरी-नारिंगी ठिपके पडलेली नको, कारण तो बुरशीचा रोग असतो आणि कलमातही तो तसाच उतरतो. वीतभर तुकडे करावेत, कापलेलं टोक आठवडाभर सावलीत सुकू द्यावं, आणि मग रेताड मातीत रोवावेत. वरचं टोक वरच राहील याची काळजी घ्यावी. सुकायला ठेवलेल्या तुकड्यांची उलटापालट फार सहज होते. महिनाभरात मुळं धरतात, आणखी महिन्याने खुंट तयार. डिसेंबर-जानेवारीत लावलेला तुकडा मार्चमध्ये कापायला येतो, आणि मार्च हाच या कामाचा उत्तम महिना. हवा कोरडी, झाड वाढीला लागलेलं, उन्हाचा तडाखा अजून यायचा. पावसाळा टाळावा, कारण ओल्या हवेत कापलेल्या भागावर बुरशी धरते. ऐन थंडीही टाळावी, कारण खुंट झोपलेला असतो आणि झोपलेला खुंट कुणाला जोडून घेत नाही. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये दुसरी संधी मिळते.

हत्यार म्हणजे दाढीचं नवं ब्लेड. सुरी चालत नाही, ती गर चेंगरते. ब्लेड स्पिरिटने पुसावं आणि प्रत्येक कापानंतर पुन्हा पुसावं. खुंटाला दोन-तीन दिवस आधी पाणी दिलेलं असावं, म्हणजे तो रसरशीत असतो. टोक एका झटक्यात आडवं कापावं. मग तिन्ही धारांच्या कडा बाहेरच्या बाजूला उतरत्या छाटाव्यात. बहुतेक लोक हीच पायरी गाळतात, आणि बहुतेक कलमं इथेच सुटतात. निवडुंगाची साल ताठ असते, आतला गर सुकताना आक्रसतो. कडा तशाच राहिल्या तर मधला भाग खाली ओढला जातो आणि वरच्या तुकड्याखाली पोकळी राहते. कडा उतरत्या असल्या की मधला भाग वर राहतो आणि जोड घट्ट बसतो.

कापलेल्या पृष्ठभागाच्या मध्यावर एक फिकट गोल कडं दिसतं. त्यात पाणी वर नेणाऱ्या आणि अन्न खाली-वर पोचवणाऱ्या वाहिन्या असतात, आणि त्यांच्यामध्ये नव्या पेशी तयार करणारा वाढीचा थर. सगळं कलम या कड्यावर उभं आहे. वरच्या तुकड्याचं बूडही तसंच कापावं, तिथेही कडं दिसेल. दोन्ही कडी सारख्या आकाराची असली तर नेमकी जुळवावीत. सहसा ती तशी नसतात. गोल निवडुंगाचं कडं मोठं असतं, ड्रॅगन फ्रूटचं लहान. अशा वेळी वरचा तुकडा मुद्दाम थोडा एका बाजूला सरकवावा, म्हणजे दोन कडी दोन ठिकाणी एकमेकांना छेदतील. तेवढा स्पर्श पुरतो. हट्टाने मधोमध बसवलेलं देखणं कलम मरतं आणि जरा वाकडं बसवलेलं जगतं, याचं कारण हेच.

तुकडा ठेवल्यावर हलकेच दाबून किंचित फिरवावा, आतली हवा निघून जाते. मग कुंडीच्या बुडाखालून दोन रबर बँड घेऊन ते वरून आडवे-उभे ताणावेत. तुकडा जागचा हलू नये इतकाच ताण हवा. काटे मऊ असतील तर रबराखाली कापसाचा बोळा ठेवावा. कुंडी सावलीत पण उजेडात, वारा खेळेल अशा जागी ठेवावी. जोडावर पाण्याचा थेंब पडू देऊ नये. आठ-दहा दिवसांनी रबर काढावं. तुकडा टणक आणि तजेलदार असेल तर काम झालं. जोडाची कड काळी पडली असेल तर पुन्हा ब्लेड घ्यावं.

पुढची काळजी दोन गोष्टींची. खुंटाच्या बाजूने नवे कोंब फुटतात, ते दिसताच खुडावेत, नाहीतर खुंट स्वतःची फांदी पोसतो आणि वरच्याची उपासमार होते. आणि उजेड. रंगीत गोळ्याला हरितद्रव्य नाही, म्हणून दुपारच्या कडक उन्हात तो भाजतो. पण खालच्या खुंटाला दोघांपुरतं अन्न करायचं असतं, त्याला भरपूर प्रकाश लागतो. सकाळचं ऊन मिळणारी खिडकी दोघांनाही मानवते. एसी ऑफिसातल्या टेबलावर गोळे मरतात, कारण तिथे खुंट उपाशी असतो. युरोपात हीच कलमं हिवाळ्यात जातात, कारण ड्रॅगन फ्रूटला १० अंशांखालची थंडी सोसत नाही. मुंबई, कोकण, गोवा इथली हवा तर या खुंटाच्या गावच्या हवेच्या जवळची. इतकी अनुकूल जागा असताना आपण ही झाडं वापरून टाकायची वस्तू समजतो, हे वाईट आहे.

शोभेचा गोळा बाजूला ठेवला तरी ज्यांच्या घरी निवडुंग आहेत अशा प्रत्येकाला कलमाची गरज दर पावसाळ्यात पडते. जून ते सप्टेंबर कुंडीतली माती सुकत नाही, मुळं कुजतात, आणि कळतं तेव्हा निवडुंगाचं बूड पिचपिचीत झालेलं असतं. लोक हळहळत टाकून देतात. दहा-बारा वर्षं सांभाळलेलं झाडही असंच जातं. खरं तर कूज खालून वर चढते आणि शेंडा बराच काळ धड असतो. खालून एकेक चकती कापत जावं. कड्यात तपकिरी-लालसर डाग दिसतोय तोवर कूज आहे. गर स्वच्छ, एकसारखा हिरवट-पांढरा दिसला की थांबावं, आणि तो शेंडा तयार खुंटावर बसवावा. ऐन पावसात कलम जगण्याची शक्यता कमी, हे खरं. पण मातीत रोवून मुळांची वाट पाहिली तर कुजकी हवा त्याला तेवढा वेळ देत नाही. मूळ असलेला खुंट त्याच दिवसापासून पाणी पुरवायला लागतो. म्हणून ज्याच्याकडे चार निवडुंग आहेत, त्याने ड्रॅगन फ्रूटच्या दोन कुंड्या कायम तयार ठेवाव्यात. घरातल्या पडवीत किंवा पत्र्याखाली, पावसापासून आडोशाला.

आता कलमाचा सगळ्यात मोलाचा उपयोग, आणि या विषयावर आग्रहाने लिहिण्याचं कारणही हेच. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने जगातल्या १,४७८ निवडुंग जातींचा आढावा घेतला, तेव्हा त्यांतल्या ३१ टक्के जाती धोक्यात असल्याचं दिसलं. या धोक्यातल्या जातींपैकी ज्या बागकामासाठी वापरल्या जातात, त्यांतल्या ८६ टक्के थेट रानातून उचलल्या जात होत्या. या बेकायदा व्यापारात युरोप आणि आशियातले संग्राहक सर्वांत पुढे असल्याचंही तेव्हा सांगितलं गेलं. २०२० मध्ये इटलीत पोलिसांनी चिलीच्या अटाकामा वाळवंटातून चोरलेले हजारावर निवडुंग एका घरातून जप्त केले. त्यातले काही शंभर वर्षांहून जुने होते. पुढच्या वर्षी त्यातले बरेचसे चिलीला परत पाठवले गेले.

माणसं रानातली झाडं का चोरतात? कारण हे निवडुंग असह्य हळू वाढतात. एरिओकार्पससारखी जात बियांपासून लावली तर लिंबाएवढी व्हायला कित्येक वर्षं जातात. ज्याच्याकडे पैसा आहे आणि धीर नाही, तो तयार झाड मागतो, आणि तयार झाड डोंगरावरच असतं. इथे कलम कामाला येतं. काही आठवड्यांचं, मोहरीएवढं रोप पेरेस्किओप्सिस नावाच्या पानं येणाऱ्या निवडुंगाच्या कोवळ्या शेंड्यावर बसवतात. रबर लागत नाही, रोप स्वतःच्या रसानेच चिकटतं. तीन-चार दिवस वर प्लॅस्टिकची पिशवी झाकतात, एवढंच. तेच रोप मग काही महिन्यांत एरवीच्या काही वर्षांची वाढ गाठतं, लवकर फुलतं, बी देतं. मेक्सिकोतल्या न्युएव्हो लिऑनमधली एस्ट्रोफायटम कॅपुट-मेडुसी ही लांबट बोटांची विलक्षण जात २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी जगासमोर ठेवली. रानात तिची झाडं फार थोडी. आज ती जगभरच्या छंदिष्टांकडे दिसते आणि त्यामागे कलम केलेल्या रोपांचा मोठा हात आहे. बी कायदेशीर, रोप घरचं, झाड दोन वर्षांत फुलणारं, असा मार्ग हाताशी असला तर चोरीच्या झाडाला दाम मोजणारं गिऱ्हाईक कमी होतं. चोरी यानेच थांबेल असं नाही. पण हौशी माणसाला निदान स्वच्छ पर्याय मिळतो.

कलमाच्या विरोधात बोलणारे जुने संग्राहक आहेत आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. जोरकस खुंटावरचा निवडुंग फुगतो, त्याचे काटे विरळ होतात, रानातल्या झाडाचा आटोपशीर, खडबडीत देखणेपणा त्यात राहत नाही. ड्रॅगन फ्रूटचा खुंट मऊ असतो, दोन-तीन वर्षांत थकतो. त्यावर उपायही आहे. खुंट पिवळा, बुचासारखा होण्याआधी वरचा तुकडा उतरवून नव्या खुंटावर चढवावा. ज्याला हरितद्रव्य आहे अशा निवडुंगाला मोठा झाल्यावर खुंटावरून उतरवून त्याच्या स्वतःच्या मुळांवर लावावं. तो पुढे कडक उन्हात आणि कमी पाण्यात वाढला की हळूहळू त्याचा मूळ बाज परत येतो. टिकाऊ खुंट हवा असेल तर निळसर खोडाचा मिर्टिलोकॅक्टस चांगला, फक्त तो त्यामानाने हळू वाढतो. शुद्धतेच्या आग्रहापायी रोप मरू देण्यापेक्षा ते आधी कलमावर जगवणं कधीही बरं.

विकणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही की कुंडीवर दोन नावं लिहावीत, गोळ्याचं आणि खुंटाचं, आणि खाली ‘सकाळचं ऊन, कमी पाणी’ असे चार शब्द. निवडुंगावर डिंकाने चिकटवलेली सुकी फुलं आणि रंगाचे फवारे मारलेली पानं विकणं बंद व्हावं. त्या रंगाखाली झाडाला उजेड मिळत नाही. ज्याला दोन नावं कळली, तो गोळा मेल्यावर कुंडी फेकणार नाही. त्याला ठाऊक असेल की खालचा खुंट अजून जिवंत आहे आणि मोठ्या कुंडीत, आधाराला काठी देऊन लावला तर तो रात्री फुलणारी पांढरी फुलं देऊ शकतो. गोळ्याला फुटलेली पिल्लं नव्या खुंटांवर चढवून एकाची पाच झाडं करता येतात, हेही त्याला कळेल.

पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये दर जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, हजारो माणसं येतात. ड्रॅगन फ्रूटच्या बागांची छाटणी तोवर झालेली असते. सांगली-सोलापूरच्या एखाद्या शेतकरी गटाने दोन पोती फांद्या आणाव्यात, प्रदर्शन भरवणाऱ्यांनी त्याला एक टेबल द्यावं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाच-दहा रुपयांत एक वीतभर तुकडा आणि लावायची तारीख लिहिलेली चिठ्ठी मिळावी. मार्चमध्ये मुळं धरलेली ती कुंडी घेऊन लोकांना परत बोलवावं. स्पिरिट, ब्लेड आणि रबर बँड आयोजकांनी पुरवावेत. कलम मात्र प्रत्येकाने आपल्या हाताने करावं.